नजरेची हद्द

वैभववाडीत ईदचा चांद दिसणे तसे अवघडच. पूर्वेला सह्याद्रीची भिंत आणि पश्चिमेला एकामागून एक डोंगरांच्या ओळी. समुद्र इथून दिसत नाही. देवगड-विजयदुर्गच्या लोकांना जे मोकळे क्षितिज मिळते ते आमच्या वाट्याला येत नाही. बारीक कोर मावळण्याआधीच डोंगराआड जाते, आणि रमजान पावसाळ्यात आला तर विचारायलाच नको. तरीही २९व्या रोजाला मगरिबच्या सुमारास माणसे माळावर जमतात, पश्चिमेकडे तोंड करून उभी राहतात आणि दहा-पंधरा मिनिटांनी मुंबईची खबर ऐकायला घरी परततात.

काही वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी मुंबईहून आलेल्या एका तरुणाने सोबत दुर्बीण आणली होती. आभाळ त्या दिवशी नशिबाने स्वच्छ होते. थोड्या वेळाने तो ओरडला, "दिसला!" दुर्बीण हातोहात फिरली. आणखी तिघाचौघांना दिसला. पण दुर्बीण बाजूला ठेवून पाहिले तर कोणालाच काही दिसेना. मग वाद सुरू झाला. आमच्यातले एक बुजुर्ग म्हणाले, "दुर्बिणीला दिसला, आपल्याला नाही. रोजे आपण ठेवले, दुर्बिणीने नव्हे." सगळे हसले. त्या पोराने अदबीने विचारले, "मग चाचा, चष्म्यातून दिसलेला चालतो का?" चाचांच्या डोळ्यांवर चांगला जाड भिंगांचा चष्मा होता. पुन्हा हशा झाला आणि निर्णय नेहमीप्रमाणे मुंबईवर सोपवून मंडळी पांगली.

वाद तिथे संपला, माझ्या डोक्यात मात्र संपला नाही. चष्मा चालतो तर दुर्बीण का नाही? आणि दुर्बीण चालत असेल तर मग हद्द कुठे? माणसाला जे दिसते त्याची जबाबदारी त्याच्यावर येते, हे सगळेच मानतात. पण साधनाने दिसण्याची ताकद वाढली तर जबाबदारीही वाढते का? आणि जे दिसलेच नाही त्याबद्दल माणसाने काय बोलावे? माझी सारी नोकरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून गेली. त्यामुळे हा प्रश्न मला पुस्तकी वाटत नाही. का वाटत नाही ते पुढे सांगणारच आहे; आधी नजरेची हद्द म्हणजे काय ते पाहू.

रात्रीच्या वेळी करूळच्या बाजूला उभे राहून घाटाकडे पाहावे. गगनबावड्याहून उतरणारा ट्रक आधी उजेडाचा एक ठिपका म्हणून दिसतो. वळणावर लपतो, पुन्हा दिसतो. बराच जवळ आल्यावर तो ठिपका लांबट होतो, मग फुटतो आणि दोन दिवे वेगळे होतात. ट्रकला दिवे आधीही दोनच होते. बदलले ते फक्त आपले अंतर. निरोगी डोळा सुमारे १ कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतक्या कोनात असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखू शकतो. एकमेकांपासून पावणेदोन मीटरवर असलेले दोन दिवे कागदावरच्या हिशेबाने सुमारे ६ किलोमीटरवरून वेगळे दिसायला हवेत; प्रत्यक्षात दिव्यांची झळाळी आणि घाटातले धुके यांमुळे ट्रक त्याहून पुष्कळ जवळ यावा लागतो.

या क्षमतेला विज्ञानात विभेदनक्षमता म्हणतात. दुर्बीण किंवा सूक्ष्मदर्शक म्हणजे लहानाचे मोठे करणारे यंत्र, असा आपल्यापैकी बहुतेकांचा समज असतो. मोठे करणे काही कठीण नाही. वर्तमानपत्रातला फोटो कितीही मोठा केला तरी ठिपकेच मोठे होतात, चेहरा अधिक स्पष्ट होत नाही. यंत्राचा खरा कस लागतो तो दोनाला दोन म्हणून दाखवण्यात. आणि इथे आडवा येतो खुद्द प्रकाशच. प्रकाश लाटेसारखा चालतो आणि भिंगाच्या तोंडातून जाताना किंचित पसरतो. त्यामुळे ताऱ्यासारख्या बिंदूची प्रतिमासुद्धा बिंदू राहत नाही, तिची लहानशी चकती होते. जॉर्ज एअरी यांनी १८३५ मध्ये या चकतीचे गणित मांडले. दोन चकत्या फार जवळ आल्या की एकमेकींत मिसळतात आणि पाहणाऱ्याला एकच दिसते. एर्न्स्ट अ‍ॅबे यांनी १८७३ मध्ये सूक्ष्मदर्शकाची सीमा दाखवून दिली आणि लॉर्ड रॅले यांनी १८७९ मध्ये दोन चकत्या कधी वेगळ्या मानाव्यात याचा व्यवहारी नियम दिला. भिंग जितके रुंद तितकी चकती लहान. १० सेंटीमीटर व्यासाच्या भिंगाची हद्द सुमारे १.४ विकला, म्हणजे आपल्या डोळ्यापेक्षा चाळीसपट बारीक. भिंग घासणारा कारागीर कितीही निष्णात असो, त्या भिंगाची ही हद्द त्याला ओलांडता येत नाही. यात दोष कोणाचाच नसतो. हे मला फार महत्त्वाचे वाटते. न दिसणे हा गुन्हा नाही.

आभाळात या हद्दीची परीक्षा पाहणारी एक जोडी आहे. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ आणि त्याला खेटून मिणमिणणारी अरुंधती. हिंदूंच्या लग्नात नवरीला ती दाखवण्याचा विधी असतो. दुपारच्या मुहूर्तावरच्या लग्नात ती न दिसताच दाखवली जाते ही गोष्ट वेगळी. आमचीही चांदरात हल्ली मोबाईलवरच उगवते. अरब लोक याच अरुंधतीला सुहा म्हणत. विसरलेली, दुर्लक्षित अशा अर्थाचा तो शब्द. अब्दुर्रहमान अस-सूफी यांनी ९६४ च्या सुमारास ताऱ्यांवर जो मोठा ग्रंथ लिहिला त्यात लोक या ताऱ्यावर आपली नजर पारखतात अशी नोंद आहे. एकच तारा, एका घरी सोबतीची खूण आणि दुसऱ्या घरी डोळ्यांची तपासणी! पाश्चात्त्य पुस्तकांत वसिष्ठाला मिझार म्हणतात, तेही नाव अरबीतूनच गेलेले.

दोघांतले अंतर सुमारे १२ कला आहे. धड डोळ्याला ते पुरेसे आहे. अडचण असते ती सुहाच्या मंदपणाची. पण गोष्ट इथे संपत नाही. १६१७ मध्ये गॅलिलिओचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली याला दुर्बिणीतून दिसले की एकटा वसिष्ठच मुळी दोन ताऱ्यांचा आहे. त्या दोघांत फक्त १४ विकलांचे अंतर. १८८९ मध्ये हार्वर्डच्या वेधशाळेतून एडवर्ड पिकरिंग यांनी जाहीर केले की त्या दोघांतला तेजस्वी ताराही एक नाही. दुर्बिणीत तो कधीच फुटत नव्हता. पण त्याचा प्रकाश लोलकातून पसरवला की वर्णपटातल्या रेषा ठरावीक दिवसांनी दुहेरी होत. पुढे दुसऱ्याचीही तीच गत निघाली. आणि २००९ मध्ये खुद्द सुहाजवळ एक अंधुक जोडीदार सापडला. एक म्हणता म्हणता सहा झाले. प्रत्येक पिढीतला प्रामाणिक माणूस आपल्या साधनाने जितके दिसले तितके सांगत आला. चूक फक्त त्याची झाली असती ज्याने म्हटले असते, 'आता यापुढे वेगळे करण्यासारखे काही उरले नाही.'

बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत राहिलेल्या इब्न अल-हैसम यांनी ११व्या शतकाच्या सुरुवातीस 'किताब अल-मनाजिर' हा सात भागांचा ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर जातात म्हणून दिसते, हे जुने मत त्यांनी खोडून काढले, एवढे आपण अभिमानाने सांगतो. पण त्यांच्या ग्रंथाचा एक आख्खा भाग नजरेच्या चुकांवर आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. वस्तू फार दूर असेल, फार लहान असेल, उजेड कमी असेल, पाहायला वेळ कमी मिळाला असेल, तर डोळा चुकतो. आणि बऱ्याचदा चूक डोळ्याची नसते, डोळ्याने आणून दिलेल्या गोष्टीवर घाईने निवाडा करणाऱ्या मनाची असते. भेद ओळखण्याच्या या शक्तीला अरबीत तमयीज म्हणतात. आपल्या घरात आई पोराला 'तमीज नाही का तुला?' म्हणते तो शब्द हाच. आपण त्याचा अर्थ शिष्टाचार इतकाच ठेवला आहे. मुळात तमीज म्हणजे दोन गोष्टींतला फरक कळणे. ज्याला फरक कळतो त्यालाच कुठे कसे वागावे हे कळते, असा तो प्रवास असावा.

हा फरक कळण्याचा एक मोठा प्रसंग आमच्या जिल्ह्याशी जोडलेला आहे. वैभववाडीहून तळेऱ्याला उतरून महामार्ग ओलांडला की रस्ता सरळ पश्चिमेला विजयदुर्गास जातो. तिथे किल्ल्याच्या परिसरात 'साहेबाचे ओटे' दाखवतात. सूर्यग्रहण पाहायला आलेल्या गोऱ्या साहेबाने यांवर दुर्बिणी मांडल्या आणि हेलियम वायूचा शोध इथे लागला, असे अभिमानाने सांगितले जाते. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो.

१८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत दिसले, हे खरे. फ्रान्सचे जान्सेन त्यासाठी गुंटूरला आले होते. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वाळांचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहताना निरीक्षकांना एक पिवळी रेषा दिसली. पिवळी रेषा म्हटली की त्या काळच्या शास्त्रज्ञाला सोडियम आठवे. मिठाचा खडा विस्तवावर टाकला की जी पिवळी झाक येते तीच ही. सोडियमच्या रेषा दोन, एक ५८९.६ नॅनोमीटरवर, दुसरी ५८९.० वर. निरीक्षकांपैकी काहींनी नव्या रेषेची नोंद सोडियमची म्हणूनच केली. ग्रहणाची काही मिनिटे, थरथरते हात, लहान यंत्र. दुसरे काय होणार? त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी नव्या आणि अधिक चांगल्या वर्णपटदर्शकातून, ग्रहण नसतानाच, सूर्याच्या कडेवर नेम धरला. ती रेषा सोडियमच्या जागी नव्हती. ती ५८७.६ वर होती. फरक किती, तर दीड नॅनोमीटरहूनही कमी. त्या फटीत एक अख्खे मूलद्रव्य लपलेले होते. लॉकियर यांनी ते पृथ्वीवर माहीत नसलेले द्रव्य मानले, त्याला सूर्यावरून हेलियम नाव पडले, आणि अनेकांनी त्यांची टिंगल केली. १८९५ मध्ये विल्यम रॅमझे यांना तोच वायू एका खनिजातून मिळाला तेव्हा टिंगल थांबली.

मग विजयदुर्गचा साहेब कोण? तोही लॉकियरच. पण ते इथे आले १८९८ च्या जानेवारीत, २२ जानेवारीच्या ग्रहणासाठी, इंग्रजी नौदलाच्या जहाजावरच्या खलाशांना मदतीला घेऊन. हेलियम तोपर्यंत सापडून, नाव मिळून, बाटलीत भरून झाला होता. लोकांच्या आठवणीत मात्र १८६८ आणि १८९८ ही दोन ग्रहणे एकाच ओट्यावर येऊन मिसळली. आठवणीलाही विभेदनक्षमता असते. लांबून तीस वर्षांचे अंतर तिला दिसत नाही. हे मी एकदा गप्पांत बोललो तर एका मित्राला राग आला. म्हणाला, "आपल्या जिल्ह्याचा एवढा मान, तो तू कशाला कमी करतोस?" मी म्हटले, मान कमी होत नाही, जागेवर येतो. हेलियमची सारी कथाच मुळी जवळजवळच्या दोन गोष्टी एक मानू नयेत, ही आहे. ती साजरी करताना आपणच दोन ग्रहणे एक करावीत हे काही बरे नव्हे. १८९८ चे विजयदुर्ग आपल्या परीने पुरेसे मोठे आहे.

ज्यांनी ती रेषा सोडियमची म्हणून लिहिली त्यांच्याविषयी माझ्या मनात सहानुभूती आहे. ते खोटे बोलले नाहीत. पण 'ही रेषा सोडियमची आहे' आणि 'माझ्या यंत्रातून ही सोडियमच्या जागी दिसते' ही दोन वाक्ये वेगळी आहेत. दुसरे वाक्य लांब आहे, घाईच्या वेळी जिभेवर येत नाही. मला हे चांगले माहीत आहे, कारण पहिल्या जातीचे वाक्य मी बोललो आहे.

मी एका ग्रामीण दवाखान्यात प्रयोगशाळेचे काम करत असे. पावसाळ्यात तापाचा रुग्ण आला की बोट टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, रंगवायचा आणि मलेरियाचे परजीवी शोधायचे. सर्वांत मोठ्या ताकदीचे भिंग वापरताना काचपट्टी आणि भिंग यांच्यामध्ये तेलाचा थेंब सोडतात. तो थेंब निसरडेपणासाठी नसतो. हवेत जे किरण वाकून निसटले असते तेही तेलामुळे भिंगात शिरतात, आणि जितके जास्त कोनातले किरण गोळा होतील तितकी विभेदनक्षमता वाढते. एवढे करूनही साध्या सूक्ष्मदर्शकाची हद्द सुमारे पाव मायक्रॉनवर थांबते. मलेरियाचा परजीवी त्याहून पुष्कळ मोठा, म्हणून तो दिसतो. शंभर क्षेत्रे पाहायची, नाही सापडला तर तसे लिहायचे. हा नियम. मी तो कधी मोडला नाही.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत, भातलावणीच्या दिवसांत, पलीकडच्या वाडीतली एक बाई आली. ताप, अंगदुखी, पोटऱ्या ठणकत होत्या. सोबत तिचा मुलगा होता, असेल विशीतला. मी काचपट्टी पाहिली. शंभर क्षेत्रे नीट पाहिली. मलेरिया नव्हता. नोंदवहीत तसे लिहिले. मुलाने खिडकीतून विचारले, "चाचा, काय नाय ना?" आणि मी म्हटले, "काही नाही."

लेप्टोचे नाव तेव्हा आमच्या भागात नुकतेच कानावर येऊ लागले होते. लेप्टोस्पायरा हा जंतू उंदरांच्या लघवीतून शेतातल्या चिखलात येतो आणि पायाच्या भेगांतून माणसात शिरतो. लांबीला तो सहा ते वीस मायक्रॉन असतो, पण जाडीला फक्त एक-दशांश मायक्रॉन. म्हणजे माझ्या सूक्ष्मदर्शकाच्या हद्दीच्या निम्म्याहूनही बारीक. तो माझ्या भिंगाखालून गेला असता तरी मला दिसला नसता. त्याला पाहायचे तर पार्श्वभूमी काळी करून, बाजूने उजेड टाकून, केवळ त्याच्यावरून विखुरलेला प्रकाश पकडावा लागतो. अंधाऱ्या रात्री तारा जसा दिसतो तसा. तेही भरवशाचे नाही, म्हणून रक्ताच्या वेगळ्याच तपासण्या करतात. त्या आमच्याकडे नव्हत्या. चार दिवस घरी काढल्यावर बाईचे डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली. घाटावर नेले तेव्हा उशीर झाला होता.

नोंदवहीतले माझे अक्षर आजही बरोबर आहे. मलेरियाचे परजीवी दिसले नाहीत, हे खरेच होते. चौकशी झाली असती तर माझ्यावर ठपका आला नसता, आणि झालीही नाही. चूक झाली ती खिडकीतल्या दोन शब्दांत. 'मलेरिया दिसला नाही, बाकीचे माझ्या यंत्राला दिसत नाही, डॉक्टरांना पुन्हा दाखव' एवढे म्हणायला किती वेळ लागला असता? मागे रांग होती. 'दिसले नाही' याचे मी 'नाही' केले. ट्रकचा एक दिवा दिसला म्हणून ट्रकला एकच दिवा आहे असे सांगून टाकले.

बरीच वर्षे मी स्वतःला फिकहच्या आधाराने समजावत आलो. आम्ही कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई. लहानपणी मक्तबमध्ये उस्तादांनी पाकी-नापाकीचे मसले शिकवले त्यांत एक मोठा दिलासा देणारा होता. साध्या नजरेला दिसणार नाही इतकी बारीक नजासत माफ आहे. माशीच्या पायाला लागून कपड्यावर आलेली घाण हे त्याचे ठरलेले उदाहरण. पुढे इमाम नववी यांच्यासारख्या फकिहांनी यावर किती बारकाईने लिहिले आहे ते वाचनात आले. नजर कोणाची धरायची, तर मध्यम माणसाची. गरुडासारख्या डोळ्याच्या माणसाची नव्हे आणि अधू डोळ्याच्याही नव्हे. सूक्ष्मदर्शक निघण्याच्या कितीतरी शतके आधी या लोकांनी ओळखले होते की नजरेला हद्द आहे आणि हद्दीपलीकडचे ओझे माणसावर टाकले तर जगणे अशक्य होईल. ते खरेच आहे. भिंगाखाली पाहिले तर वजूच्या पाण्याच्या थेंबात काय काय वळवळताना दिसेल! दही कोणी खाऊ शकणार नाही. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणाऱ्या माझ्यासारख्याला तर नमाजच पढता आली नसती. दीनने आपल्याकडून साध्या डोळ्याइतकेच मागितले, ही रहमत आहे. चांदाच्या बाबतीतही मला त्या बुजुर्गांचे म्हणणे आता पटते. दुर्बिणीतला चांद खोटा नसतो. पण अख्ख्या गावाची ईद एका महागड्या भिंगावर टांगून ठेवण्याची गरज नाही. एक रोजा जास्त झाला तर कोणाचे नुकसान झाले? चष्म्याचे विचाराल तर चष्मा अधू डोळ्याला मध्यम डोळ्यापर्यंत आणतो, दुर्बीण मध्यम डोळ्याला त्याच्या पलीकडे नेते. त्या पोराच्या प्रश्नाला हे उत्तर मला फार उशिरा सुचले.

पण ही माफी कुठली आहे ते नीट पाहायला हवे. ती माझ्या कपड्याची, माझ्या वजूची, माझ्या रोजाची आहे. ती अल्लाहच्या हकातली आहे आणि आपला हक माफ करणारा तो आहे. हुकूकुल इबाद, म्हणजे बंद्यांचे एकमेकांवरचे हक, हे खाते वेगळे. तिथे ज्याचे नुकसान झाले त्यानेच माफ करावे लागते, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. माझ्या कपड्यावरच्या डागासाठी मध्यम नजर पुरते. दुसऱ्याच्या आईच्या तापासाठी ती पुरत नाही. तिथे मिळेल ते सर्वांत चांगले भिंग शोधले पाहिजे, आणि नाही मिळाले तर निदान माझ्या भिंगाची हद्द किती ते समोरच्याला सांगितले पाहिजे. हे दोन हक मी वर्षानुवर्षे एकच समजत आलो आणि एकाची सवलत दुसऱ्याला लावत आलो. ज्याला आयुष्यभर दोन वेगळे करण्याचा पगार मिळाला त्याच्याकडून हे व्हावे!

याच हिशेबाने पाहिले तर भिंगाशी संबंध नसलेल्या माणसाचीही यातून सुटका नाही. शहरात घर भाड्याने मागायला गेलेल्या आपल्या मुलांना 'तुम्ही लोक' हे शब्द ऐकावे लागतात. लांबून पाहणाऱ्याला आपण सगळे एकच ठिपका. घरात कोकणी बोलणारा शाफई, घाटावरचा दखनी बोलणारा हनफी, खलाशी, बागायतदार, शिक्षक, कोणी पाच वक्तांचा नमाजी, कोणी हमीद दलवाईंचे वाचून वाढलेला. त्याच्या नजरेत एक दिवा. त्याला दिसत नाही याबद्दल मी त्याला गुन्हेगार म्हणणार नाही. पण दुसऱ्याच्या घराचा, नोकरीचा, अब्रूचा निवाडा करताना 'मला इथून वेगळे दिसत नाही' एवढे तरी त्याने कबूल करावे आणि चार पावले पुढे यावे. हे लिहिताना मला हेही आठवते की घाटाखाली राहणारे आम्ही घाटावरून आलेल्या प्रत्येकाला बेधडक 'घाटी' म्हणत आलो. कोल्हापूरचा, साताऱ्याचा, बीडचा; आमच्या नजरेत तोही एक दिवा. कौमच्या आतही तेच. बायकांचे प्रश्न म्हटले की आपल्या सभांमध्ये एक ठराव होतो. तलाक झालेली, विधवा, शिकलेली, शिकू न दिलेली, सगळ्या त्या एका ठरावात मिसळून जातात.

जुन्नर तालुक्यात खोडदजवळ मोठी रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. रेडिओ लहरी प्रकाशापेक्षा लाखो पटींनी लांब, त्यामुळे ४५ मीटरची एकटी अँटेनासुद्धा आभाळाकडे अधू डोळ्यानेच पाहते. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या अँटेना जवळजवळ न ठेवता काही मध्यभागी आणि बाकीच्या तीन फाट्यांवर सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात ठेवल्या, आणि सगळ्यांचे पाहणे एकत्र जुळवले. मग ती २५ किलोमीटर रुंद भिंगासारखी बारीक पाहू लागते. नजर वाढली ती अँटेनांच्या संख्येपेक्षाही त्या एकमेकींपासून दूर असल्यामुळे. मला वाटते, आपल्या वाडीतल्या दहा माणसांनी एकाच माळावर उभे राहून एकच गोष्ट पाहिली तर ती दहा साक्षी होत नाहीत, एकच होते. त्या बाईच्या बाबतीत मी एकदा तिच्या वाडीतल्या आशाताईला विचारले असते, तर ती गुडघाभर चिखलात लावणी करत होती आणि तिच्या पायाला जखम होती, हे मला दोन मिनिटांत कळले असते. ते भिंगातून दिसणारे नव्हतेच.

तो मुलगा आता मुंबईला असतो. गावी असला की ईदच्या दिवशी न चुकता येतो, शीरखुर्मा पितो, माझ्या पाया पडायला वाकतो आणि मी त्याला अर्ध्यात धरतो. आईचा विषय निघाला तर म्हणतो, "चाचा, तुम्ही तरी नीट तपासलात. पुढे नशीब." मी मान खाली घालून वाटी पुन्हा भरतो. मागच्या ईदला सांगायचे ठरवले होते. त्याच्यासोबत त्याची लहान मुलगी होती, ती सारखी मध्ये बोलत होती, आणि राहून गेले. यंदा तो येणार असल्याचा निरोप आहे.